मलेरियाच्या औषधांची पाहणी: गोळ्या मोजायच्या की कोर्स?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मलेरियाची औषधं कुठे मिळतात, काय भावाने मिळतात आणि लोक ती कशी घेतात, याची पाहणी करायची आहे. परवानाधारक औषध दुकानांची यादी हाताशी आहे. त्यातली पन्नासेक दुकानं निवडून 'औषध आहे का' आणि 'गोळी कितीला' एवढं विचारलं तर पुरेल का? आणि विक्रीचे आकडे मिळाले तर त्यावरून वापर काढता येईल का?

दोन्हींचं उत्तर 'नाही' असंच आहे. पण ते का, हे कळलं तर पाहणीची सगळी आखणीच बदलते, म्हणून सविस्तर लिहिते. मी अठरा वर्षं हेच काम करते आहे. प्रश्नावल्या तयार करणं, दुकानोदुकानी फिरणं, मग महिनोन् महिने आकडे स्वच्छ करत बसणं, हे सगळं केलेलं आहे.

आधी हे पक्कं करा की आपण नेमकं कशाच्या मागावर आहोत. रक्तात खरोखरच मलेरियाचे परजीवी असलेल्या माणसाला योग्य औषध, त्याच्या वजनाला योग्य मात्रेत, पूर्ण दिवस मिळालं का, हा खरा प्रश्न. दुकानात पाकीट असणं ही त्या वाटेवरची पहिली पायरी आहे, शेवटची नाही. आणि या आजारात अर्धवट कोर्स हा एकट्या रोग्याचा प्रश्न राहत नाही. क्लोरोक्विनला दाद न देणारा फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा सर्वात घातक परजीवी, १९५० च्या दशकाच्या अखेरीस थायलंड-कंबोडिया सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत दिसला आणि काही दशकांत ते स्वस्त, हुकमी औषध जगाच्या मोठ्या भागात निकामी झालं. म्हणून २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आर्टेमिसिनिनवर आधारित जोड-औषधांची, म्हणजे एसीटीची, शिफारस केली. आर्टेमिसिनिनलाही मंद प्रतिसाद देणारे परजीवी २००८-०९ च्या सुमारास पश्चिम कंबोडियातून नोंदले गेले, आणि आता रवांडा, युगांडा, इरिट्रियातही ते सापडले आहेत. कात्रीने कापून विकलेली अर्धी स्ट्रिप तुमच्या तक्त्यात दिसली पाहिजे, ती यासाठी.

आता दुकानांच्या यादीकडे येऊ. परवान्याच्या यादीत परवानेवालेच असतात. ताप आलेला माणूस मात्र सरकारी केंद्रात जातो, गावातल्या आरोग्यसेविकेकडे जातो, खाजगी दवाखान्यात जातो, परवाना नसलेल्या छोट्या औषध दुकानात जातो, किराणा दुकानात जातो, कधी फिरत्या विक्रेत्याकडूनही गोळ्या घेतो. यादीवरून नमुना निवडलात तर बाजाराचा हा सगळा भाग तुमच्यासाठी अस्तित्वातच नसेल, आणि गरीब रोग्यांची गर्दी बहुतेकदा तिथेच असते. म्हणून दुकानं निवडू नका, इलाखे निवडा. लोकसंख्येच्या प्रमाणात संधी देऊन काही छोटे प्रशासकीय विभाग चिठ्ठीने काढा आणि प्रत्येक विभागात गल्लीनगल्ली पायी फिरून औषध विकू शकेल असं एकूण एक ठिकाण नोंदवा. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'एसीटीवॉच' प्रकल्पाने बेनिन, लोकशाही प्रजासत्ताक काँगो, मादागास्कर, नायजेरिया, युगांडा, झांबिया आणि कंबोडिया इथे हीच पद्धत वापरली. त्यामुळे तुमचे आकडे उद्या कुणाशी ताडून पाहायचे झाले तर पद्धत जुळलेली असेल. सरकारी केंद्रं आणि मोठी औषध दुकानं संख्येने कमी असतात, म्हणून ती आसपासच्या विभागांतूनही जादा घ्यावी लागतात. तसं केलंत की विश्लेषणात भारांक लावायला, म्हणजे जादा घेतलेल्यांचं वजन त्या प्रमाणात कमी करायला, विसरू नका.

प्रत्येक ठिकाणी पहिला चाळणीचा प्रश्न हा: आज मलेरियावरचं कुठलंही औषध आहे का? नसेल तर गेल्या तीन महिन्यांत होतं का? दोन्हींना 'नाही' आलं तर आभार मानून पुढे. बंद दुकानाला 'औषध नाही' म्हणून टाकू नका. तीनदा जा, तरीही बंद असेल तर 'बंद' असंच लिहा.

आणि तोंडी उत्तरावर कधीही थांबू नका. एक प्रसंग सांगते. एका अरुंद दुकानात मी 'आर्टेमेथर-ल्यूमेफँट्रिन आहे का' असं, म्हणजे एका एसीटीचं मूळ नाव घेऊन, विचारलं. विक्रेता शांतपणे 'नाही' म्हणाला. खोटं बोलत नव्हता. ते नाव त्याने कधी ऐकलंच नव्हतं. पिशवीतून पाकिटांच्या चित्रांचं कार्ड काढून गल्ल्यावर ठेवलं तसा तो वाकला आणि खालच्या खणातून त्याच औषधाची तीन पाकिटं काढून माझ्यासमोर मांडली. त्याला ती कंपनीच्या नावाने आणि रंगाने माहीत होती. त्याच दिवशी दुपारी दुसऱ्या ठिकाणी उलटं झालं. 'भरपूर आहे' असं उत्तर आलं, आणि समोर आली कात्रीने कापलेली सहा गोळ्यांची पट्टी. मुदतीची तारीख छापलेला तुकडा आधीच कुणाला तरी विकला गेला होता. ती पट्टी मुदतीतली होती की नाही, हे त्यालाही सांगता येईना, मलाही कळेना. आमच्या त्या पहिल्या फॉर्मवर अशा पट्टीसाठी रकानाच नव्हता. 'आहे' किंवा 'नाही' एवढंच होतं, आणि मला 'आहे' वर खूण करावी लागली. ती खूण अजून मनात टोचते.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक पाहणीत एका उत्पादनाला एक ओळ असते. पाकीट हातात घेऊन त्यावरूनच भरायचं: कंपनीचं नाव, औषधाचं मूळ नाव, प्रत्येक घटकाची ताकद मिलिग्रॅममध्ये, गोळी की पातळ औषध की इंजेक्शन, पाकिटात किती, उत्पादक, देश, बॅच नंबर, मुदत. मग विक्रेत्याला विचारून: गेल्या सात दिवसांत किती गेलं, कितीला दिलं, शेवटची खरेदी कितीला झाली आणि ती किती नगांची होती. पाकिटाच्या दोन्ही बाजूंचा फोटो परवानगीने काढायचा. संध्याकाळी फोटो आणि फॉर्म शेजारी ठेवून तपासले की ताकदीच्या चुका त्याच दिवशी सापडतात. महिन्याभराने सापडल्या तर दुरुस्त होत नाहीत.

उपलब्धतेच्या टक्केवारीत सगळी मेख छेदात असते. समजा २०० ठिकाणं पाहिली, त्यातल्या ८० ठिकाणी मलेरियाचं काहीतरी औषध आहे आणि ४० ठिकाणी दर्जाची खात्री असलेलं एसीटी आहे. उपलब्धता २० टक्के म्हणायची की ५० टक्के? दोन्ही बरोबर आहेत, पण प्रश्न वेगळे आहेत. पहिला आकडा रोगी कुठल्याही दारात गेला तर काय होईल ते सांगतो. दुसरा, मलेरियाची औषधं ठेवणाऱ्यांनी योग्य औषध निवडलंय का ते सांगतो. दोन्ही द्या आणि छेद तक्त्याच्या मथळ्यातच लिहा. सरकारी केंद्रात त्या दिवशीच्या साठ्यावर भागत नाही, साठा-नोंदवही उघडून गेल्या तीन महिन्यांत किती दिवस खडखडाट होता ते मोजा. तसंच तपासणीचं किट आणि औषध एकाच वेळी आहेत का, तेही पाहा. २०१० पासून सर्व वयोगटांत तपासणी करूनच उपचार द्यावेत अशी जागतिक शिफारस आहे. औषध आहे पण किट नाही, तर ते केंद्र सज्ज म्हणता येत नाही.

आता किंमत. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे थोडं थांबू.

'गोळी कितीला' हा प्रश्न निरुपयोगी आहे. आर्टेमेथर-ल्यूमेफँट्रिनची २०/१२० मिलिग्रॅमची, म्हणजे आर्टेमेथर २० आणि ल्यूमेफँट्रिन १२० असलेली, गोळी येते. ३५ किलो किंवा जास्त वजनाच्या रोग्याला तिच्या चार गोळ्या दिवसातून दोनदा, तीन दिवस, म्हणजे एकूण २४ गोळ्या लागतात. त्याच औषधाची ८०/४८० ची गोळीही येते, तिच्या सहाच पुरतात. दोन्ही कोर्सची किंमत अगदी सारखी असली तरी गोळीमागचा भाव चौपट दिसेल. क्लोरोक्विनच्या गोळीशी तुलना करायला गेलात तर गोंधळ आणखी वाढतो. म्हणून सगळ्या किमती एकाच मापावर आणाव्या लागतात. या क्षेत्रात त्यासाठी ६० किलो वजनाच्या प्रौढाला पूर्ण बरं करायला लागणारी मात्रा हे माप धरतात. मी त्याला सोयीसाठी 'प्रौढ कोर्स' म्हणते. पाच ते पंधरा किलोच्या बाळाच्या पाकिटात २०/१२० च्या सहा गोळ्या असतात, म्हणजे तो पाव प्रौढ कोर्स झाला. त्याची किंमत चारने गुणली की तुलना करता येते. मात्र मुलांच्या पाकिटाची प्रत्यक्ष किंमतही वेगळी द्या, कारण आईच्या हातून तेवढेच पैसे जातात.

क्लोरोक्विनचा हिशोब करताना एक जुना खड्डा आहे. मात्रा 'बेस' मध्ये, म्हणजे क्षाराचं वजन वगळून नुसत्या औषधाच्या वजनात, सांगतात: किलोमागे २५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोला १५०० मिलिग्रॅम. गोळीवर मात्र बहुधा '२५० मिलिग्रॅम फॉस्फेट' असं छापलेलं असतं, आणि त्यात बेस असतो १५०. कोर्स दहा गोळ्यांचा आहे. २५० ला बेस समजलात तर सहाच गोळ्यांचा निघतो, आणि क्लोरोक्विन होतं त्याहून कितीतरी स्वस्त दिसतं. एका वरिष्ठ सहकाऱ्याच्या छापायला निघालेल्या अहवालात ही चूक आम्हाला शेवटच्या आठवड्यात सापडली होती. क्विनाइनचा तोंडी कोर्स याच मापाने सात दिवसांचा, ३०० मिलिग्रॅमच्या ४२ गोळ्यांचा होतो. गंभीर मलेरियासाठीच्या आर्टेसुनेट इंजेक्शनचा हिशोब तर सरळ कुपीवर करा: किलोमागे २.४ मिलिग्रॅम धरून ६० किलोला दर वेळी १४४, म्हणजे ६० मिलिग्रॅमच्या तीन कुप्या. पहिल्या चोवीस तासांत तीनदा, म्हणजे किमान नऊ कुप्या, आणि नंतर तोंडी एसीटीचा पूर्ण कोर्स वेगळा.

सरासरी काढू नका, मध्यक द्या आणि सोबत मधल्या पन्नास टक्क्यांचा पट्टा. दोन-चार महागड्या दुकानांमुळे सरासरी कुठेही जाते. फुकट मिळणारं औषध शून्य किमतीने खाजगी किमतींत मिसळू नका, सरकारी आणि खाजगी तक्ते वेगळे ठेवा. आणि विक्रेत्याला 'याची किंमत काय' असं विचारण्यापेक्षा 'शेवटच्या गिऱ्हाईकाला कितीला दिलंत आणि किती दिलंत' असं विचारा. पहिल्याला तो भाव सांगतो, दुसऱ्याला घडलेला व्यवहार सांगतो. 'किती दिलंत' मधूनच कळतं की गिऱ्हाईक २४ च्या जागी आठ गोळ्या घेऊन गेलं. परवडण्याचा अंदाज घ्यायचा तर जागतिक आरोग्य संघटना आणि हेल्थ अ‍ॅक्शन इंटरनॅशनल यांच्या पद्धतीत सर्वात कमी पगाराच्या सरकारी कामगाराची किती दिवसांची मजुरी कोर्सला लागते ते मोजतात. माप चांगलं आहे, पण बहुतेक मजूर त्याहून कमी कमावतात, हे त्या तक्त्याखाली लिहा. तपासणीची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च धरला तर चित्र आणखी बदलतं.

किमतीचं धोरण किती हलवू शकतं, याचं सगळ्यात मोठं उदाहरण ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या 'एएमएफएम' या एसीटी-अनुदान योजनेचं. कल्पनेचं मूळ २००४ सालचं: अर्थतज्ज्ञ केनेथ अ‍ॅरो यांच्या अध्यक्षतेखालच्या अमेरिकी समितीने सुचवलं की अनुदान साखळीच्या वरच्या टोकाला, कारखान्याच्या दारातच द्या, म्हणजे खालपर्यंत भाव उतरतील. घाना, केनिया, मादागास्कर, नायजर, नायजेरिया, युगांडा आणि टांझानिया, तिथे झांझिबार वेगळं धरून, असे आठ प्रयोग झाले. पाकिटावर हिरव्या पानाचं चिन्ह असे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र मूल्यमापनात नायजर आणि मादागास्कर सोडून सगळीकडे दर्जेदार एसीटीची उपलब्धता सुमारे २६ ते ५२ टक्केबिंदूंनी वाढलेली दिसली, आणि सहा प्रयोगांत खाजगी बाजारातला प्रौढ कोर्सचा मध्यक भाव ठळकपणे उतरला. हे सगळं कळलं ते आधी आणि नंतर, एकाच मापाने, दुकानात जाऊन मोजलं होतं म्हणून.

पण वापराच्या प्रश्नाला त्या मूल्यमापनातला दुकानाचा आकडा पुरत नाही. पश्चिम केनियात कोहेन, ड्यूपास आणि शेनर या अर्थशास्त्रज्ञांनी अनुदानित एसीटी घेणाऱ्यांची तपासणी केली, तेव्हा दुकानातून ते घेणाऱ्यांपैकी ५६ टक्क्यांनाच मलेरिया निघाला. म्हणजे विकल्या गेलेल्या कोर्समधला मोठा वाटा दुसऱ्याच कुठल्या तरी तापावर खर्च झाला. विक्रीच्या आकड्यात हे दोन्ही कोर्स सारखेच दिसतात. त्या तापाचं खरं कारण मात्र उपचारावाचून राहतं, आणि ते न्यूमोनिया असेल तर बाळ दगावतं.

म्हणून वापरासाठी घरोघर जावंच लागतं. प्रचलित प्रश्न आहे: गेल्या दोन आठवड्यांत पाच वर्षांखालच्या मुलाला ताप आला होता का? मग कुठे नेलं, कधी नेलं, बोटातून किंवा टाचेतून रक्त घेतलं का, कुठलं औषध दिलं, किती दिवस दिलं. दोन आठवड्यांच्या पलीकडे आठवण भरवशाची राहत नाही. 'कुठलं औषध' या प्रश्नाला आई 'पिवळी गोळी' म्हणेल. चित्रांचं कार्ड दाखवा, आणि घरात रिकामं पाकीट असेल तर ते आणायला सांगा. छेद इथेही जपा. ताप आलेल्या सर्व मुलांपैकी किती जणांना एसीटी मिळालं, हा आकडा कमी आला की लोक हळहळतात, पण तपासणीत मलेरिया नसलेल्यांना एसीटी मिळताच कामा नये. 'मलेरियाचं औषध मिळालेल्यांपैकी किती जणांना एसीटी' आणि 'तपासणी झालेल्यांचं प्रमाण' हे दोन आकडे शेजारी ठेवा.

कोर्स पूर्ण झाला का हे पाहायचं असेल तर दुकानाबाहेर किंवा केंद्राबाहेर गाठलेल्या रोग्याच्या घरी चौथ्या दिवशी जा आणि उरलेल्या गोळ्या मोजा. आधी सांगून गेलात तर गोळ्या संपलेल्याच दिसतील, म्हणून संमती घेताना 'काही दिवसांनी भेटायला येऊ' एवढंच सांगा. ल्यूमेफँट्रिन स्निग्ध पदार्थाबरोबर घेतलं तरच नीट शोषलं जातं, तेव्हा गोळी कशाबरोबर घेतली तेही विचारा. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा परजीवी असलेल्या भागात, तो यकृतात दडून पुन्हा उलटू नये म्हणून देतात त्या प्रायमाक्विनचा कोर्स वेगळा तपासा. तो बहुधा १४ दिवसांचा असतो, ताप तिसऱ्या दिवशी उतरतो आणि गोळ्या घडवंचीवर पडून राहतात. शिवाय जी६पीडी या रक्तपेशींतल्या विकराची जन्मजात कमतरता असलेल्यांना त्यातून रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो, तेव्हा ती तपासणी उपलब्ध आहे का, हाही उपलब्धतेचाच प्रश्न.

औषध पोचलं तरी पुढची साखळी तुटली तर काय होतं, हे गुदद्वारातून देण्याच्या आर्टेसुनेटने दाखवलं. सहा वर्षांखालच्या अत्यवस्थ मुलाला रुग्णालयात नेण्याआधी द्यायचं हे औषध काँगो, नायजेरिया आणि युगांडात मोठ्या प्रमाणावर पोचवलं गेलं. ते नुसतं पोचवून मृत्यू कमी झाल्याचं दिसलं नाही. बरीच मुलं पुढे रुग्णालयात गेलीच नाहीत, गेलेल्यांतही इंजेक्शननंतरचा एसीटीचा कोर्स अनेकांना मिळाला नाही. २०२२ च्या सुरुवातीला जागतिक आरोग्य संघटनेला त्याचा विस्तार थांबवायला सांगावं लागलं. वाटेवरच्या प्रत्येक टप्प्यासाठी निदान एक प्रश्न तुमच्या फॉर्मवर हवा, असं मी म्हणते ते याच अनुभवामुळे.

दर्जाबद्दल थोडंच. आग्नेय आशियात २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दुकानांतून घेतलेल्या आर्टेसुनेटच्या नमुन्यांपैकी ३८ टक्क्यांत आर्टेसुनेट नव्हतंच. डोळ्यांनी पाहून नकली ओळखता येत नाही, प्रयोगशाळा लागते. ती सोय नसेल तर प्रबंधात दर्जावर विधान करू नका, 'पाकिटावर नोंदलेली माहिती' असंच म्हणा. संशयास्पद पाकीट दिसलं तर औषध नियामकाला कसं कळवायचं, ते मात्र आधीच ठरवून ठेवा.

विक्रेत्यांशी वागणं हा या कामाचा पाया आहे. परवाना नसलेला विक्रेता तुम्हाला तपासणी अधिकारी समजतो आणि औषध लपवतो. ओळखपत्र दाखवा, नाव कुठेही छापणार नाही हे सांगा आणि ते शब्दशः पाळा. ठिकाणाचे नकाशा-निर्देशांक आणि उत्तरं एकाच फाइलमध्ये ठेवू नका. आणि क्षेत्रकार्यकर्त्यांना एक गोष्ट फॉर्मच्याही आधी शिकवा: मुलाखत घेताना झटके येणारं, शुद्ध हरपलेलं किंवा काही पिऊ न शकणारं बाळ दिसलं, तर कागद बाजूला ठेवायचा आणि त्याला रुग्णालयात पोचवायचं. त्यासाठी वाहनाचे पैसे अंदाजपत्रकात वेगळे धरा. आमच्याकडे एकदा ते धरलेले नव्हते, आणि आमच्या एका क्षेत्रकार्यकर्तीने स्वतःच्या भत्त्यातून रिक्षा केली.

एकट्याने प्रबंध करताना हे सगळं झेपणार नाही, हे मला माहीत आहे. मग ठिकाणांची संख्या कमी करू नका, प्रश्न कमी करा. चार छोटे विभाग घ्या आणि त्यांतली सगळी ठिकाणं पाहा. पन्नास परवानेवाल्या दुकानांपेक्षा त्यातून जास्त कळेल. मलेरियाच्या हंगामात जा, आणि पुन्हा मोजायचं असेल तर पुढच्या वर्षी त्याच महिन्यात. वापराचा भाग झेपत नसेल तर शीर्षकातून 'वापर' हा शब्द काढा, विक्रीच्या आकड्यांनी तो भरून काढू नका. प्रश्नावली छापण्याआधी पाच ठिकाणी करून पाहा, त्यातलं एक तरी किराणा दुकान असू द्या. त्या पाच ठिकाणची पाकिटं टेबलावर मांडून प्रत्येकाचा प्रौढ कोर्स स्वतःच्या हाताने काढा. सगळ्या पाकिटांचा हिशोब जमला की फॉर्म छापायला द्या.